केसपेपरवर लिहिलं होतं, ‘कन्नड येत नाही’

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, घाटाकडच्या गावांत, जुलैमध्ये भाताची लावण चालते तेव्हा शेतात माणसं दिसत नाहीत, नुसत्या वाकलेल्या पाठी दिसतात. अशाच एका दुपारी बायका जेवायला बांधावर आल्या आणि एक पाठ मागं राहिली. पोटरीभर चिखलात, अर्धवट वाकलेली, डाव्या हातात तरव्याची पेंढी, उजवा हात रोप खोचायला पुढं गेलेला आणि तिथंच थांबलेला. सासूनं हाका मारल्या, जावेनं मारल्या. मोठी सर येऊन गेली तरी हात हलला नाही. शेवटी दोघींनी बगलेत धरून तिला बाहेर आणलं. पेंढी काढून घेतली तरी बोटं पेंढी धरल्यासारखीच वळलेली राहिली.

ही हकीकत मला सहाव्या दिवशी कळली, आणि तीही खोदून विचारल्यावर. तिच्याबरोबर आलेल्या कागदांवर एवढंच होतं: बोलत नाही, जेवत नाही, अशक्तपणा. आणि खाली, वेगळ्या शाईत: ‘रुग्णास कन्नड येत नाही, माहिती घेता आली नाही.’

या शेवटच्या ओळीसाठीच मी, मनोविकारांचा डॉक्टर, हे प्रकरण लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि इतर एक-दोन रुग्णांकडून शिकलेलंही यात मिसळलं आहे.

वय २४. लग्नाला तीन वर्षं. माहेर चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, सासर कर्नाटकात. आपल्या भागात अशी लग्नं घरोघरी आहेत, त्यात नवल काही नाही. शाळा महाराष्ट्रातली, त्यामुळं कन्नडचा गंध नाही. सासरचे लोक घरी मराठी बोलतात. बाजारात, बसमध्ये, कचेरीत लागेल तेवढं कन्नड त्यांना येतं.

पहिल्या दोन दिवसांत गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, साखर तपासली, बेळगावला न्या म्हणाले. त्याच संध्याकाळी देवर्ष्यानं अंगारा दिला. सासूबाई हे सांगताना जरा बिचकल्या, मी रागावेन असं त्यांना वाटलं असावं. मी रागावलो नाही. त्यांनी एकाच दिवशी दोन्ही दारं ठोठावली होती, आणि पुढचे तीन दिवस वाया गेले ते देवर्ष्यानं घालवलेले नव्हते. ते आम्हा डॉक्टरमंडळींनी घालवले.

शहरातल्या ज्या रुग्णालयात तिला आधी नेलं, तिथं नाकाशी अमोनियाचा बोळा धरला गेला, छातीच्या हाडावर मुठीनं रगडून पाहिलं गेलं. ती हलली नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं. डोळ्यांत पाणी येतं म्हणजे शुद्ध आहे, शुद्ध आहे म्हणजे सोंग आहे, असा तो हिशेब. दुसऱ्या रात्री ती एकदम उठली, सलाईन उपसून काढलं, भिंतीवर ठराविक ठेक्यात हात आपटत राहिली. तिला हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या जोरदार औषधाची दोन इंजेक्शनं दिली गेली. सकाळी ती आधीपेक्षा ताठ होती आणि अंगात कणकण होती. नातेवाईकांना सांगण्यात आलं की मराठी बोलणाऱ्या डॉक्टरकडं न्या, कदाचित बोलेल. म्हणून ती माझ्याकडं आली. तिचं गप्प राहणं हे लक्षण आहे, ही गोष्ट भाषेच्या आड दडून गेली होती.

आता माझी चूक. मीही तोच समज घेऊन तिच्यासमोर बसलो. स्टूल ओढलं, आवाज मऊ केला, चंदगडच्या काजूपासून सुरुवात केली, माहेरी कोण कोण आहे विचारलं. आपली भाषा ऐकली की माणूस उघडतं, हा माझा अनुभव, आणि थोडा माझा अहंकारही. तिची नजर माझ्या खांद्यावरून भिंतीवर लागलेली. पापणी फार क्वचित लवे. दहा मिनिटांनी मी ‘तीव्र नैराश्य’ असं लिहिलं आणि नैराश्यावरची गोळी लिहायला घेतली.

तेवढ्यात थर्मामीटर घेऊन सिस्टर आल्या. त्या गोकाककडच्या. सवयीनं म्हणाल्या, ‘हेसर एनव्वा?’ नाव काय गं बाई?

रुग्ण म्हणाली, ‘हेसर एनव्वा.’

सिस्टरना वाटलं, ही चेष्टा करते आहे. म्हणाल्या, ‘बायी तेगी.’ तोंड उघड.

‘बायी तेगी.’ तोच सूर, तीच लांबी. तोंड मात्र थर्मामीटरसाठी उघडलं नाही.

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. ‘डॉक्टर, हिला कन्नड येत न्हाई.’ त्याच्या दृष्टीनं गोष्ट संपली होती; जी भाषा बायकोला येत नाही ती तिच्या तोंडून येते, म्हणजे बोलणारं कुणी दुसरं. माझ्या हातातलं पेन थांबलं ते वेगळ्या कारणानं. समोरच्याचे शब्द जसेच्या तसे परत करणं, याला आम्ही एकोलेलिया म्हणतो. तिनं मराठी शब्द परत केले असते तर मी ‘गोंधळलेली दिसते’ म्हणून पुढं गेलो असतो. अर्थ कळत नसलेले शब्द तिनं परत केले म्हणून त्यातला नुसता पडसाद मला ऐकू आला. कन्नड येत नसल्यामुळं माहिती मिळत नाही असं ज्या कागदावर लिहिलं होतं, त्याच कन्नडनं निदान हातात दिलं.

कॅटाटोनिया. हालचाल आणि बोलणं यांवरचा ताबा जाऊन माणूस गोठतं, कधी एकदम उसळतं, अशी ही अवस्था. १८७४ साली कार्ल कालबाउम या जर्मन डॉक्टरानं याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. पुढं क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं ते आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो त्या आजारात ढकललं आणि जवळजवळ शंभर वर्षं ते तिथंच अडकून पडलं. आमच्या पिढीला शिकवलं गेलं तेही तसंच: स्किझोफ्रेनियाचा एक दुर्मीळ प्रकार, आता फारसा दिसत नाही. दोन्ही गोष्टी खोट्या. जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर मनोविकार विभागातल्या रुग्णांत हे प्रमाण सुमारे ९ टक्के निघतं, आणि मूळ आजार पुष्कळदा नैराश्य किंवा बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य) असतो. दिसत नाही, कारण कुणी हात उचलून पाहत नाही.

हात उचलून पाहणं

मी शब्दशः म्हणतो आहे. बुश आणि फ्रान्सिस यांनी १९९६ साली एक मोजपट्टी दिली. तिच्यात २३ लक्षणं आहेत, त्यातली पहिली १४ चाळणीची. त्यांतली दोन किंवा अधिक २४ तास टिकली तर कॅटाटोनिया समजून पुढं जायचं. अमेरिकन वर्गीकरणात २०१३ पासून १२ लक्षणांतली ३ लागतात. तपासणीला पाच-दहा मिनिटं पुरतात आणि यंत्र एकही लागत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. तालुक्याच्या दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरांनी ती खरोखर करावी अशी माझी इच्छा आहे.

मी तिचा उजवा हात मनगटाशी धरून वर नेला. आधी किंचित अडकला, मग मऊ पडून आला, मेणबत्ती उन्हात धरून वाकवावी तसा. खांद्याच्या वर सोडून दिला. हात तिथंच राहिला. मी घड्याळ लावलं. दीड मिनिटानंतरही तो तिथंच होता आणि बघवेना म्हणून सासूनंच तो खाली घेतला. मग कोपरात हात वाकवताना मी जोर कमी-जास्त केला. जितका माझा जोर, तितकाच तिचा विरोध. मी हलकं केलं की तीही हलकी. ठरवून ताकद लावणारा माणूस इतक्या नेमक्या मापानं विरोध करू शकत नाही.

मग मी तिला सांगितलं, ‘मला तुमचा हात उचलू देऊ नका,’ आणि तळव्याखाली एक बोट लावलं. हात बोटाबरोबर टेबलावरच्या दिव्याच्या हलत्या दांड्यासारखा अलगद वर आला. मग हस्तांदोलनासाठी हात पुढं करून म्हणालो, ‘माझ्या हातात हात देऊ नका.’ तिचा हात निघाला, थांबला, मागं गेला, परत निघाला. तो मधेच अडकलेला हात पाहिला आणि मला एकदम वाटलं, शेतात काय झालं असेल ते हेच. मी विचारलं, ‘पहिल्यांदा कुठं थांबली होती ही?’ तेव्हा ती पेंढीची गोष्ट बाहेर आली.

सासूबाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या कुठल्याच कागदावर नव्हत्या. एक: ‘पेज तोंडात घातली की तशीच ऱ्हाती. गिळीत न्हाई, थुकीत न्हाई.’ दोन: ‘उशी काढली तरी डोस्कं अधांतरीच.’ या दुसऱ्या लक्षणाला पुस्तकात ‘मानसिक उशी’ म्हणतात. सासूबाईंनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं, पण रात्रभर सुनेच्या डोक्याखाली हात देऊन बसल्या होत्या. मी विचारलं, ‘तुम्हाला काय वाटलं? रुसली असेल?’ त्या म्हणाल्या, ‘रुसल्यालं माणूस तोंड फिरवतं, डाक्टर. हिनं तोंड फिरवलं न्हाई.’

चाळणीच्या १४ पैकी ९ लक्षणं तिच्यात होती. मी नैराश्याची चिठ्ठी फाडली.

काय असू शकत नाही, ते आधी

कॅटाटोनिया हे तापासारखं आहे. ते कशामुळं, हे वेगळं शोधावं लागतं. तरुण बाई, अचानक सुरुवात, अंगात कणकण, म्हणजे मेंदूला सूज आहे का हे पाहणं भाग होतं. २००७ साली दालमाऊ या संशोधकाच्या गटानं एक मेंदूदाह नोंदवला, ज्यात शरीर स्वतःच्याच मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तो तरुण बायकांत जास्त दिसतो आणि सुरुवातीला हुबेहूब मनोविकारासारखा वागतो. आकडी न दिसता मेंदूत आकडी चालू राहणं हीही एक शक्यता. ती ईईजीनं, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखानं, कळते. शिवाय सोडियम, किडनी, लिव्हर, थायरॉइड, आणि एखादं औषध एकाएकी बंद झालं का.

एमआरआय साधा. ईईजीत आकडी नाही. पाठीतलं पाणी साधं. प्रतिपिंडांसाठी नमुना बाहेरगावी गेला, उत्तर दहा दिवसांनी आलं, ‘नाही’ असं. त्याची वाट पाहत उपचार थांबवायचे नसतात.

मला जास्त धास्ती होती हॅलोपेरिडॉलची. कॅटाटोनियातल्या माणसाला ही जुनी, जोरदार अँटिसायकॉटिक औषधं दिली की ताठरपणा वाढतो, आणि काही जणांत न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम होतो: भडकता ताप, लोखंडासारखं अंग, नाडी-रक्तदाब बेताल, स्नायू झिजून किडनीवर भार. त्यात माणूस दगावू शकतो. तिचा ताप शंभरच्या आसपास, नाडी ११८, स्नायू झिजले की रक्तात वाढणारं सीपीके नेहमीच्या चौपट. कड्याच्या टोकावर होती म्हणा. ते इंजेक्शन बंद, असं केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं, इंग्रजीत, आणि सिस्टरनी खाली कन्नडमध्ये.

सहा दिवसांचा उपवास हाही आजारच. अशा माणसाला ग्लुकोज धो धो सोडलं तर फॉस्फेट, पोटॅशियम कोसळतं. म्हणून आधी थायमिन हे जीवनसत्त्व, मग नाकातल्या नळीनं थोडं थोडं. पायांत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, हे या आजारातलं मरणाचं एक नेहमीचं कारण. त्यासाठी हेपरिन, दोन-दोन तासांनी कूस बदलणं. लघवी तुंबली होती, नळी घालताच दीड लिटर निघाली. ‘सोंग’ करणाऱ्या बाईच्या पोटात दीड लिटर लघवी तुंबलेली होती, हे मी त्या आधीच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ते भले माणूस आहेत, गप्प राहिले.

दोन मिलिग्रॅम

लोराझेपाम हे आपण झोपेच्या गोळ्यांच्या घराण्यातलं औषध म्हणून ओळखतो. दगडासारख्या पडलेल्या माणसाला झोपेचं औषध द्यायचं, हे ऐकून सिस्टरनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मला ओळखीची आहे. पण ही बाई झोपलेली नसतेच. आत सगळं ताणून धरलेलं असतं. हे औषध मेंदूतल्या ‘गाबा’ या आवरून धरणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतं, आणि ताण सुटला की माणूस हलायला लागतो. साठ ते ऐंशी टक्के रुग्णांत त्याचा गुण येतो, म्हणून पहिला डोस हीच निदानाची चाचणीही असते.

दोन मिलिग्रॅम, शिरेतून, सावकाश दोन मिनिटांत. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, शेजारी श्वास द्यायची अंबू बॅग. पाचव्या मिनिटाला पापण्या लवू लागल्या. आठव्या मिनिटाला तिनं पदर ओढला. मग सासूकडं मान वळवून, घोगऱ्या आवाजात, पहिलं वाक्य:

‘आत्ती, पाय भिजल्यात.’

सासूबाईंनी चादर वर केली, तिचे दोन्ही पाय हातांनी चाचपले. कोरडे होते. तरी त्यांनी ते पदरानं पुसले.

अर्धा ग्लास पाणी ती स्वतः प्यायली. नाव सांगितलं, वार चुकीचा सांगितला, म्हणजे लावणीचा तो वार. नवरा बाहेर जाऊन रडून आला. आणि तीन तासांनी ती परत गेली, हात छातीशी, नजर भिंतीवर. घरच्यांना हे पहिल्यापेक्षा जड गेलं. मी आधी सांगून ठेवायला हवं होतं: पहिल्या डोसानं दार उघडतं, ते उघडं राहायला रोजचा डोस लागतो. आता मी इंजेक्शन देण्याआधीच सांगतो.

आठ मिलिग्रॅम दिवसाचे सुरू केले, मग बारा. कागदावर हे आकडे पाहून फार्मसीवाल्यानं फोन केला, ‘डॉक्टर, शून्य जास्त पडलंय काय?’ नव्हतं पडलं. या आजारात १६, कधी २४ पर्यंतही जावं लागतं. श्वासावर लक्ष ठेवून. इंजेक्शनच्या कुप्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि पावसाळ्यात आमच्याकडं विजेचा भरवसा नाही. तालुक्यात इंजेक्शन नसेल तर दोनची गोळी जिभेखाली विरघळवा आणि अर्ध्या तासानं पाहा. चालतं.

चौथ्या रात्री ड्युटीवर नव्या सिस्टर होत्या. रुग्ण शांत पडली आहे, मग झोपेचं औषध कशाला, म्हणून त्यांनी डोस राखला. सकाळी हात पुन्हा हवेत. त्यांची चूक म्हणवत नाही. मी ‘शांत दिसली तरी द्यायचं’ असं लिहिलंच नव्हतं.

शॉक

पाचव्या दिवसापर्यंत ती अर्धी बाहेर, अर्धी आत. शब्द दोन-तीन, घास दोन-तीन, मग पुन्हा तोंडात धरून ठेवणं. सीपीके उतरलं, पण वजन उतरत होतं. लोराझेपामवर इतक्या दिवसांत पुरता गुण नसेल तर रेंगाळू नये. मी इसीटीचा, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात त्या उपचाराचा, विषय काढला.

‘शॉक’ हा शब्द उच्चारला की खोलीत काय होतं ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. सिनेमानं आमचं काम फार अवघड करून ठेवलं आहे. सासूबाईंनी सरळ विचारलं, ‘हिरीवरच्या मोटारीचा करंट बसतो तसा काय?’ मी म्हणालो, तसा नाही. भूल देतात, स्नायू सैल करायचं औषध देतात, काही सेकंद अगदी मोजका विद्युतप्रवाह. त्यानं मेंदूत अर्धा-एक मिनिट झटका येतो. औषध तो झटका आहे, वीज नव्हे. १९३४ साली बुडापेस्टच्या मेडुना यांनी हा उपचार पहिल्यांदा केला तेव्हा विजेचा संबंधही नव्हता, त्यांनी कापराचं इंजेक्शन वापरलं होतं, आणि तो पहिला रुग्ण कॅटाटोनियाचाच होता. वीज आली ती १९३८ मध्ये, रोममध्ये, चेर्लेत्ती आणि बिनी यांच्याकडून. ‘कापूर?’ सासूबाई म्हणाल्या. वाटलं नव्हतं, पण कापरानं त्यांना धीर आला.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय इसीटी देता येत नाही. तातडीचा ७२ तासांचा उपचार म्हणूनही तो देता येत नाही. ती निर्णय घेण्याच्या स्थितीत नव्हती, म्हणून कलम ८९ खाली दाखल, नवरा नामनिर्देशित प्रतिनिधी, आणि रुग्ण स्त्री असल्यानं मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ३ दिवसांत कळवणं (पुरुष असता तर ७). संमतीचा छापील अर्ज कन्नड आणि इंग्रजीत होता. नवऱ्याला कन्नड अक्षरं वाचता येत होती, पण ‘वाचता येतं’ आणि ‘बायकोच्या मेंदूबद्दलचं वाचून समजतं’ यांत अंतर आहे. मी कोऱ्या कागदावर मराठीत सगळं लिहिलं: फायदा काय, काही दिवसांची विस्मरणाची तक्रार राहू शकते, भुलेचे धोके, मधेच नको म्हणायचा हक्क. त्यानं तो कागद दोनदा वाचला, मग बाहेर नेऊन आईला वाचून दाखवला, मग सही केली. भाषेचं राजकारण करणाऱ्यांनी काय करायचं ते करावं. कुठल्या भाषेत संमती घ्यायची हा प्रश्न वॉर्डात अर्ध्या तासात सुटतो, कागद आणि पेन असेल तर.

भूलतज्ज्ञांना एक गोष्ट आवर्जून सांगायची असते: बरेच दिवस न हललेल्या माणसाला स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन दिलं तर रक्तातलं पोटॅशियम एकदम चढू शकतं. आधी तपासणी करा. आणि लोराझेपाम झटक्याला अडवतं, म्हणून सकाळचा डोस इसीटी झाल्यावर.

एक दिवसाआड. तिसऱ्या वेळेनंतर तिनं नाकातली नळी स्वतः उपसली, आणि हे बंड आहे की सुधारणा, असा प्रश्न आम्हाला पडला असतानाच भाकरी मागितली. एकूण सहा इसीटी दिले.

चंदगडहून आलेली पिशवी

चौथ्या इसीटीच्या दिवशी भाऊ आला. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जुने कागद. एकोणीस वर्षांची असताना तीन आठवडे झोपली नव्हती. अंगणात रात्रभर गाणी, सगळ्या गल्लीला पैसे वाटले. कोल्हापूरला उपचार झाले, मनाचे चढउतार आवरणारं लिथियम चालू होतं. लग्न ठरलं तेव्हा बंद केलं. ‘सांगितलं असतं तर सोयरीक मोडली असती,’ तो खाली बघून म्हणाला. म्हणजे बायपोलर. तो आजार उलटून नैराश्याकडं आला होता आणि नैराश्य या रूपात गोठलं होतं.

सासूबाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याला म्हणाल्या, ‘तुमी लपवलं त्याचं न्हाई वाटत. पण मी सा दिवस हिच्या उशाशी बसली, मला ठावं असतं तर मी डाक्टरला पयल्याच दिवशी सांगितलं असतं का न्हाई?’ मी तिथंच होतो. मला काही भर घालावीशी वाटली नाही.

लिथियम पुन्हा सुरू झालं. व्हॅलप्रोएट हे त्याच कामाचं दुसरं औषध टाळलं, पुढं मूल हवं असणार, आणि गर्भाला त्याचा धोका मोठा. लोराझेपाम मात्र मी घाईनं उतरवलं, आठावरून चार एका आठवड्यात, घरी जायची त्यांची ओढ पाहून. चौथ्या दिवशी सासूचा फोन: ‘चमचा तोंडाजवळ न्हेऊन थांबतोय.’ पुन्हा आठवर नेलं आणि मग पंधरवड्याला एक मिलिग्रॅम अशा गतीनं उतरवत गेलो. साडेतीन महिने लागले.

शेवटच्या आठवड्यात ती आठवणी सांगायला लागली. सगळं ऐकू येत होतं. अमोनियाचा बोळा, छातीवरची मूठ, ‘नाटक करते’ म्हणणारा आवाज. भीती इतकी की ‘हललं तर काय तरी पडल, आनी ते माझ्यामुळं पडल’ असं वाटत होतं. काय पडेल ते सांगता येत नव्हतं. बरे झालेले कितीतरी रुग्ण हेच सांगतात. म्हणून अशा खाटेशेजारी उभं राहून काय बोलायचं याची आमच्या वॉर्डात आता शिस्त आहे. मग तिनं मला विचारलं, ‘त्या सिस्टर काय म्हनत हुत्या? बायी तेगी?’

‘तोंड उघड.’

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मला वाटलं, त्या मला काय तरी शिकवायल्यात. म्हनून तसंच म्हटलं.’

पुढच्या जुलैत ती आणि सासू तपासणीला आल्या. लिथियमची पातळी ०.७, किडनी-थायरॉइड ठीक. लावणीला जाऊ का, हा प्रश्न तिनंच विचारला. मी म्हणालो, जा. पाणी भरपूर प्या, मीठ सोडू नका, जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी थांबवून फोन करा, आणि मुलाचं ठरवाल तेव्हा आधी मला सांगा. अंगदुखीवर दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, त्यानं लिथियम रक्तात चढतं, पॅरासिटामॉल चालेल.

सासूबाईंनी कमरेची चंची सोडली. सुपारी, चुन्याची डबी, आणि डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी.

‘ह्या?’

‘तिला नकोत,’ मी म्हणालो. ‘आणि तुम्ही तरी रोज किती घेता?’